घोडो गावलो : मोरजीतले पाच दिवस

दिवस पहिला, शनिवार

आमचे काका, म्हणजे मोरजीच्या मावशीचे यजमान, व्हॉट्सॲपवर दोनच गोष्टी पाठवतात. सकाळी देव आणि संध्याकाळी मासे. दिवाळीच्या आधी त्यांनी पाठवलेल्या एका फोटोत, उन्हाने काळवंडलेल्या तळहातावर एक समुद्रघोडा आडवा पडला होता. शेपटीने त्या माणसाच्या करंगळीला विळखा घातलेला. खाली एक ओळ : ‘रापणीत गावला. वीतभर आहे. जात कुठली?’ रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, आणि गावला म्हणजे सापडला.

मी कोल्हापुरात ज्युनियर कॉलेजात जीवशास्त्र शिकवतो. मास्तराला ‘बघून सांगतो’ म्हणणं जिवावर येतं. दोन मिनिटांत उत्तर ठोकलं, ‘केलॉगी! आपल्या समुद्रातला सगळ्यात मोठा.’ दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये चहाबरोबर हीच फुशारकी मारून झाली. रात्री शांतपणे पुस्तक उघडलं आणि चेहरा उतरला.

आपल्या किनाऱ्यावर मोठ्या समुद्रघोड्यांचे मुख्य दावेदार दोन. एक हिप्पोकॅम्पस कुडा. तो खाड्यांत आणि उथळ पाण्यात राहतो आणि साधारण १७ सेंटिमीटरपर्यंत वाढतो, क्वचित त्याहून मोठा सापडल्याच्याही नोंदी आहेत. दुसरा हिप्पोकॅम्पस केलॉगी, जो २८ सेंटिमीटरपर्यंत जातो. म्हणजे भरपूर वाढलेला कुडा आणि अर्धवट वाढलेला केलॉगी एकाच उंचीचे असू शकतात. आमच्या कॉलेजात अकरावीतली काही पोरं मास्तरांपेक्षा उंच आहेत, म्हणून त्यांना कोणी प्राध्यापक म्हणत नाही. मी मात्र नेमकं तेच केलं होतं.

सुट्टीचा शेवटचा आठवडा शिल्लक होता. बायको म्हणाली, ‘चूक निस्तरायला गोव्याला जाणारा तू पहिलाच.’ पण निघाली. लेक नववीत आहे. तिला समुद्र हवा होता, घोडा असो नसो.

गडहिंग्लज, आजरा, आंबोली. आंबोलीत धुक्यात चहा आणि कांदाभजी. पुढे सावंतवाडी, बांदा, पत्रादेवी आणि पेडणे. दुपारी तीनला मोरजीत. मावशीने बांगड्याचं हुमण आणि उकड्या तांदळाचा भात वाढला आणि जेवण होईपर्यंत कोणालाही घोड्याचं नाव काढू दिलं नाही.

जेवणानंतर मी काकांना विचारलं, ‘वीत कुणाची?’

‘म्हणजे?’

‘तुम्ही वीतभर म्हणालात. मोजलंत?’

काकांनी हवेत अंगठा आणि करंगळी ताणून दाखवली. त्यांची वीत चांगली नऊ इंच असेल. समुद्रघोडा मात्र त्यांनी पाहिलाच नव्हता. फोटो रापणीतल्या आबांनी पाठवलेला, आणि ‘वीतभर’ हा शब्दही आबांचाच.

समुद्रघोड्याची उंची मोजायची म्हणजे डोक्यावरच्या मुकुटाच्या टोकापासून सरळ केलेल्या शेपटीच्या टोकापर्यंत. फोटोत शेपटी गुंडाळलेली, शेजारी पट्टी नाही, नाणंसुद्धा नाही. होता फक्त एक तळहात. ‘मग हातच मोजा की,’ लेक म्हणाली. मला इतका वेळ हे सुचलं नव्हतं.

दिवस दुसरा, रविवार

पहाटे साडेपाचला काकांनी उठवलं. शापोरा नदी समुद्राला मिळते तिथून वर, किनाऱ्यावर रापण लागली होती. मोरजी हे कासवांचं गाव. ऑलिव्ह रिडले इथे अंडी घालायला येतात, त्यामुळे वाळूत थोडा भाग कुंपणाने राखलेला. त्याच्या बरंच अलीकडे रापणीचे दोन दोर आणि दोन्हींवर दहा-बारा माणसं. होडीने जाळं अर्धगोल टाकून आलेलं, आता किनाऱ्यावरून ओढायचं. गोव्यातल्या रापणकारांनी १९७० च्या दशकाच्या शेवटी यांत्रिक ट्रॉलर बोटींविरुद्ध मोठं आंदोलन केलं होतं आणि १९८० साली गोव्याचा सागरी मासेमारी नियमन कायदा आला, एवढं मला वाचून माहीत होतं. दोर हातात घेतल्यावर मात्र कळलं की ही पोटापाण्याची गोष्ट आहे. दहा मिनिटांत माझे तळवे सोलवटले. लेक माझ्यापेक्षा जास्त वेळ टिकली.

जाळ्यात तारले, पेडवे, दोन बांगडे, एक फुगून चेंडू झालेला केंड आणि पुष्कळशी जेलीफिश. घोडा नाही. नसणारच होता.

आबा सत्तरीचे असतील. बारीक अंगकाठी, कमरेला पंचा. मी कोण आणि कशासाठी आलो हे ऐकून त्यांना हसू आवरेना. त्यांनी खिशातून प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला मोबाइल काढला. फोटोबरोबर चाळीस सेकंदांचा एक व्हिडिओही होता! काकांनी तो पाठवलाच नव्हता, कारण ‘हलत होता म्हणून’.

बादलीत समुद्राचं पाणी, पाण्यात आबांचं बोट, आणि बोटाला शेपटी गुंडाळून उभा तो प्राणी. काळपट तपकिरी, अंगावर फिकट ठिपके. पाठीवरचा पर इतक्या वेगाने फडफडतोय की नुसतं पाणी थरथरल्यासारखं दिसतं. सेकंदाला तीस-पस्तीस वेळा फडफडतो तो. समुद्रघोड्याला शेपटीचा पर नसतो, पोटाखालचे परही नसतात. पुढे जायचं ते या एकाच पंख्यावर आणि डोक्याजवळच्या दोन चिमुकल्या परांवर. म्हणून तो पोहण्यापेक्षा धरून राहणं पसंत करतो. गवत, दोर, जाळं, बोट, जे मिळेल ते. तो जाळ्यात सापडतो त्यामागे हीच सवय असते. मासे जाळ्यातून निसटायला धडपडतात आणि हा उलट जाळ्यालाच मिठी मारतो.

‘ही बायल,’ आबा पडद्यावर बोट ठेवून म्हणाले. ‘गुरवार आसा.’

बायल म्हणजे बाई, गुरवार म्हणजे गरोदर, मावशीने कानात सांगितलं. पोट खरंच फुगलेलं होतं. शेपटीच्या मुळाशी टम्म, गुळगुळीत पिशवी.

‘आबा, हा बाप आहे,’ मी म्हणालो.

आबांनी माझ्याकडे असं पाहिलं की मास्तरांच्या डोक्यावर ऊन चढलं असावं. मग सगळी रापण जमा झाली आणि वाळूत माझा तास सुरू झाला. मादी अंडी नराच्या पिशवीत घालते. पिशवीतच ती फळतात. नर त्यांना प्राणवायू पुरवतो, पिशवीतल्या पाण्याचा खारटपणा सांभाळतो आणि तीन-चार आठवड्यांनी पोटाला झटके देत पिल्लं बाहेर सोडतो, कुडाच्या बाबतीत शेकड्यांनी. बाहेर पडलेलं पिल्लू जेमतेम काही मिलिमीटरचं, आणि जन्मल्या क्षणापासून त्याचं त्याने बघायचं. एक पोऱ्या म्हणाला, ‘मगे आवय किदें करता?’ मी म्हणालो, पुष्कळ जातींत आई रोज सकाळी येऊन त्याची विचारपूस करून जाते, दोघं एकमेकांभोवती फिरतात, रंग बदलतात. ‘म्हणजे आमच्या पणजीतल्या जावयासारखी,’ एक जण म्हणाला आणि बाकीचे इतके हसले की त्या जावयाची गोष्ट विचारायची राहूनच गेली.

आबांनी घोडा व्हिडिओनंतर पाण्यात सोडला होता. हे त्यांनी सहज सांगितलं. ‘सोडलो. पोटार आसतना मारपाचें न्हय.’ कायद्याचं त्यांना ठाऊक होतं की नाही, मी विचारलं नाही. २००१ साली समुद्रघोड्यांना वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत घातलं, वाघाच्या पंगतीला. आबांचा नियम त्याहून जुना असावा.

मी बायकोच्या पर्समधली शिवणाची टेप काढली आणि आबांचा तळहात मोजला. अंगठा सोडून चार बोटांच्या मुळाशी रुंदी साडेआठ सेंटिमीटर. ‘किदें मेजता?’ ‘तुमचा हात, आबा.’ ‘लग्न करतलो काय?’ पुन्हा हशा.

दुपारी मावशीच्या पडवीत लॅपटॉप उघडला. फोटोत तळहाताची रुंदी अमुक पिक्सेल, घोड्याच्या डोक्यापासून धडाच्या शेवटापर्यंत तमुक. शेपटीसाठी व्हिडिओतलं सत्ताविसावं सेकंद, जिथे तो बोट सोडून शेपटी उलगडतो. हिशेब करून उंची आली साधारण १५ सेंटिमीटर. नऊ इंचांची वीत गेली! काका जरा खट्टू झाले. ‘पाण्यात मोठा दिसतो,’ म्हणाले.

पण उंची हा पुरावा नव्हे हे तर मी कोल्हापुरातच मान्य केलं होतं. खरी ओळख कड्यांत असते. समुद्रघोड्याला खवले नसतात. कातडीखाली हाडांची कडी एकापुढे एक बसवलेली असतात, धडाला वेगळी, शेपटीला वेगळी. कुडा आणि केलॉगी दोघांच्या धडाला ११. फरक शेपटीत. कुडाला ३४ ते ३८, बहुतेक वेळा ३६. केलॉगीला ३९ ते ४१.

मोजायला बसलो आम्ही तिघं. धडाचं शेवटचं कडं कुठलं, इथूनच वाद. पाठीचा पर संपतो तिथला भाग मोठा करून पाहिला. नर असल्यामुळे खाली पिशवीचा फुगवटा, त्यामुळे पहिलं शेपटीचं कडं नीट दिसेना. शेवटी बाजूच्या कंगोऱ्यांवरचे उंचवटे धरून मोजायचं ठरलं. लेकीने प्रत्येक पाचाला एक आडवी रेघ मारायची, मी माऊसने एकेक उंचवटा टिपायचा. पंचविसाव्यापर्यंत सोपं. पुढे कडी इतकी बारीक होतात की दातकोरणीच्या टोकाएवढी, आणि व्हिडिओतून काढलेलं चित्र तिथे धुरकट. मला ३५ मिळाली. बायकोने मोजली, ३७. लेकीने पुन्हा पहिल्यापासून, ३६.

तिन्ही आकडे कुडाच्या घरातले. मुकुटही बसका, मागे कललेला, माथ्यावर खळगा. गालावरचा काटा बोथट, अंगावर टोकदार काट्यांऐवजी गोलसर गाठी. कुडाच. स्टाफरूमला सोमवारी फोन करून सांगायचं असं ठरवलं आणि मग नाही केला.

रात्री मावशीने विचारलं, ‘काय निघालं?’

‘कुडा.’

‘कुडा? आमच्या कुंपणाला आहे की. साल उगाळून घेतात पोट बिघडल्यावर.’

तिला सांगावं लागलं की हा कुडा निराळा. मलय भाषेत कुडा म्हणजे घोडा. ब्लीकर नावाच्या डच माणसाने १८५२ साली हे नाव ठेवलं. हिप्पोकॅम्पसमधला हिप्पो म्हणजेही ग्रीकमध्ये घोडाच. म्हणजे शास्त्रीय नावात घोडा दोनदा. त्यात मराठीत ‘पाणघोडा’ म्हटलं की हिप्पोपोटॅमस. मावशी म्हणाली, ‘नावं ठेवणाऱ्यांनी मासा कधी पाहिला होता का?’

दिवस तिसरा, सोमवार

खरं तर काम झालं होतं. पण काकांचा अहंकार दुखावला होता. ‘मोठा घोडा बघायचा असेल तर रापणीत कशाला? खोल समुद्रात जाणाऱ्यांकडे बघ.’

त्यांचं बरोबर होतं, आणि मला हे आधी सुचायला हवं होतं. कुडा राहतो किनाऱ्यालगत, बहुधा आठ-दहा मीटरच्या आत. केलॉगी साधारण वीस मीटरच्या पुढे, दीडशे मीटरपर्यंतही नोंदला आहे. रापण किनाऱ्यावरून ओढतात आणि ट्रॉलर खोल तळ खरवडत जातो. म्हणजे कड्या मोजायच्या आधी मी एक प्रश्न विचारायला हवा होता : कुठल्या जाळ्यात सापडला? ‘रापणीत गावला’ हे काकांनी पहिल्याच ओळीत लिहिलं होतं. मी फक्त ‘वीतभर’ वाचलं.

शिवोलीचा पूल ओलांडून, म्हापशावरून, पहाटे पाचला मांडवीकाठच्या एका जेटीवर. नेमकी कुठली ते लिहीत नाही. तिथली माणसं आमच्याशी चांगली वागली आणि त्यांना उगाच कोणी त्रास द्यावा असं मला वाटत नाही.

जेटीवर पाऊल टाकताच चप्पल घसरली. बर्फाचं पाणी, डिझेलचा वास, क्रेट आपटल्याचे आवाज. बांगडे, लेपे, माणक्या, ढोमे यांच्या बोलीच्या राशी वेगळ्या. आणि बाजूला एक रास, जिची बोली कोणी आवाज चढवून लावत नव्हतं. बारीकसारीक, चेपलेली, नाव नसलेली मासळी. भुकटीला जाणारी. कोंबड्यांच्या खाद्यात, कोळंबीच्या तळ्यांत. मला हीच रास हवी होती.

दीड तास उकिडवं बसून चाळली. बायको दूर चहाच्या टपरीवर उभी राहून मला ओळखत नसल्यासारखं करत होती. ओडिशाचा एक मुलगा फावड्याने रास क्रेटमध्ये भरत होता. त्याने विचारलं, ‘क्या ढूँढ रहे हो, साब?’ मी हाताने आकार काढून दाखवला. त्याने फावडं बाजूला ठेवलं, दुसऱ्या राशीत हात घातला आणि ओढून काढला.

मी उभाच राहिलो.

ती मादी होती. पिशवी नाही, पोट शेपटीला मिळतं तिथे एकदम कोन आणि तिथे इवलासा गुदपर, म्हणजे गुदद्वाराजवळचा पर. रंग बर्फाने उडालेला, फिकट पिवळसर, पण बाजूंवर बारीक पांढरे ठिपके उभ्या रांगांत अजून दिसत होते. सगळ्यात आधी नजर गेली ती मुकुटावर. आबांच्या कुडाच्या डोक्यावर बसकी टोपी होती. इथे उभा, उंच कळस, वर पाच टोकं. गालावरचे काटे लांब आणि मागे वळलेले. कडी जाड, ठळक, दोन कड्यांमधली खाच नखाने जाणवण्याइतकी.

पण मी एकदा तोंडघशी पडलेलो होतो. आपल्याकडे ट्रॉलच्या जाळ्यात आणखी एक जात येते, हिप्पोकॅम्पस ट्रायमॅक्युलेटस, तीन ठिपक्यांचा. त्याच्या शेपटीलाही ४०-४१ कडी. म्हणजे नुसत्या कड्यांवर विसंबलं तर पुन्हा घोटाळा. त्याचा मुकुट मात्र बुटका, गालावरचा आणि डोळ्यावरचा काटा आकड्यासारखा वाकडा, आणि समोरून पाहिलं तर अंग चपटं. पाठीवरचे तीन ठिपके कधी दिसतात, कधी नाही, म्हणून त्यांच्यावर जायचं नाही. मी मादी समोरून धरून पाहिली. अंग भरलेलं. मुकुट उंच. आकडे नाहीत.

आता शेपटी. एका काडेपेटीतली काडी घेतली आणि एकेका कड्यावर टेकवत गेलो. मादी असल्यामुळे पहिलं कडं कुठलं हे इथे स्पष्ट होतं, गुदपराच्या लगेच मागचं. लेक मोठ्याने आकडे म्हणत होती आणि मागे तीन-चार हमाल जमले. विसाव्याला एक जण म्हणाला, ‘अजून कितीं?’ तिसाव्याला शेपटीचा विळखा सैल करायचा होता. बर्फात ताठरलेली, पण मोडणार नाही इतकी लवचीक. आत वळलेल्या बाजूला कडी चौकोनी दिसतात. समुद्रघोड्याची शेपटी कापली तर तिचा छेद चौकोनी निघतो. बहुतेक प्राण्यांच्या शेपट्या गोल, याची चौकोनी, आणि त्यामुळे दाब पडला तरी ती पिचत नाही, कडी एकमेकांवर सरकून पुन्हा जागेवर येतात. हे मी वर्गात दहा वेळा सांगितलंय. बोटांत धरून वळवताना पहिल्यांदा जाणवलं. कडं सरकतं आणि टक्क न करता परत बसतं. एखाद्या जुन्या वाड्याच्या दाराच्या साखळीसारखं, फक्त ती साखळी बोटाएवढी आणि ओली.

पहिल्यांदा ३९. पुन्हा मोजली, ४०. शेवटच्या कड्याबद्दल दोन मतं कायम राहिली, पण दोन्ही आकडे केलॉगीचेच.

उंचीसाठी जाळ्याचा एक तुकडा दोरा मागून घेतला. मुकुटापासून मानेच्या बाकापर्यंत, तिथून धडाच्या मध्यावरून, मग शेपटीच्या वळणावळणाने टोकापर्यंत दोरा धरला आणि टेपवर ताणला. २३ सेंटिमीटर. काकांची वीत.

तो ओडिशाचा मुलगा म्हणाला, ‘हमारे गंजाम में भी मिला था, पेपर में आया था.’ खरं होतं. तिथे केलॉगीचं एक पिल्लू जाळ्यात सापडलं होतं आणि संशोधकांनी अंदाज बांधला होता की ते कोरोमंडल किनाऱ्याकडून वर आलं असावं. पोहण्यात इतका कच्चा प्राणी इतकं अंतर कसा कापतो? वाहत्या शेवाळाला, कचऱ्याला शेपटी अडकवून प्रवाहाबरोबर जात असणार, असं मला वाटतं. पण तो मुलगा गंजामचा, ट्रॉलरवर काम करायला गोव्यात आलेला, आणि केलॉगी ओळखणारा पूर्ण जेटीवर एकटा. त्याच्या प्रवासाबद्दल मी विचारलं नाही, याची नंतर खंत वाटली.

एका हमालाने विचारलं, वाळवून नेणार का? चिनी औषधाला वगैरे मागणी असते असं त्याने ऐकलं होतं. मी म्हटलं, अजिबात नाही, बाळगलं तरी गुन्हा. आंतरराष्ट्रीय व्यापारावरही २००४ पासून सायटिस या कराराचं नियंत्रण आहे. फोटो काढले, टेप शेजारी ठेवून, समोरून, बाजूने, शेपटीचा जवळून. मग ती मादी मी परत त्या मुलाच्या हातात दिली. त्याने क्षणभर ती उजेडात धरली आणि जेटीच्या कडेवरून पाण्यात टाकली. भरतीचं गढूळ पाणी होतं, लगेच दिसेनाशी झाली.

चहाच्या टपरीवर बायकोने विचारलं, ‘मिळाली ना तुझी केलॉगी? मग तोंड असं का?’

मेलेली मिळाली, एवढंच म्हणालो. या प्राण्याला जठर नसतं, दात नसतात. खाल्लेलं भराभर आतड्यातून जातं, म्हणून दिवसभर खात राहायचं. नळीसारख्या तोंडाने झिंगे आणि कोपेपॉडसारखे बारीक जीव शोषायचे, दोन डोळे दोन दिशांना फिरवत. एकाच गवताच्या पात्याला धरून तासन् तास. अशा प्राण्याला पळून जाणं ठाऊकच नसतं. तळ खरवडणारं जाळं आलं की पातं, शिंपला आणि घोडा सगळं एकत्र वर येतं. गोव्यात १ जून ते ३१ जुलै ट्रॉलिंग बंद असतं, बाकीचे दहा महिने चालू. मी त्या मुलांना दोष देऊ शकलो नाही. राशीत तो एक घोडा होता आणि शेकडो अशी पिल्लं होती ज्यांची जात मला ओळखता आली नसती.

दिवस चौथा, मंगळवार

हा दिवस लेकीचा. ग्रँड आयलंडला बोटीने, स्नॉर्केलिंग. पाण्यात दोन मीटरच्या पुढे काही दिसत नव्हतं. पट्टेरी सार्जंट मासे दिसले, एक समुद्री काकडी दिसली, बायकोला उलट्या झाल्या. येताना दोना पावला. राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेची इमारत बाहेरूनच पाहिली. १९६६ साली स्थापन झालेल्या या संस्थेत कुडाला टाक्यांत वाढवण्यावर काम झालं आहे. ऐकायला सोपं, पण पिल्लांना जिवंतच खाद्य लागतं. मेलेल्या कणाकडे ती बघतसुद्धा नाहीत. म्हणजे घोडे पाळायचे तर आधी त्यांचे झिंगे पाळायचे. लेक म्हणाली, ‘आमच्या वर्गातल्या पोरांसारखं, हललं तरच लक्ष जातं.’ गाडीत हसलो आम्ही. संध्याकाळी मावशीकडे सोलकढी आणि झोप.

दिवस पाचवा, बुधवार

निघायच्या आधी म्हापशाला जाऊन एक काम केलं. कागदावर १५ सेंटिमीटरची पट्टी छापली, शेजारी समुद्रघोड्याचं चित्र आणि तीन बाण : मुकुट, गाल, शेपटी. चार प्रती, लॅमिनेट करून. खाली लेकीच्या अक्षरात तीन सूचना : पाण्यातच ठेवा, पट्टी शेजारी धरून बाजूने फोटो काढा, लगेच सोडा. कोकणीत मावशीने लिहून दिल्या. आबांना दोन दिल्या. त्यांनी पट्टी नाकाजवळ नेऊन पाहिली आणि म्हणाले, ‘हांगा म्हजो हात बरो आसलो.’ हात साडेआठ सेंटिमीटरचा आहे हे आता त्यांनाही पाठ झालं होतं. तरी पट्टी मोबाइलच्या पिशवीत घातली.

उरलेल्या दोन प्रती काकांकडे. जेटीवरच्या त्या मुलाला एक पोचवतो म्हणाले.

मावशीने डिकीत नारळ, कोकम आणि सुकटीची पिशवी कोंबली. पिशवीला वर्तमानपत्राचे सात वेढे, तरी बांद्यापर्यंत गाडीला वास. स्टाफरूमचा प्रश्न घाटात सुटला. कुडाही सांगायचा आणि केलॉगीही, आधी कुडा.

आंबोलीत पुन्हा त्याच टपरीवर थांबलो. भजी येईपर्यंत मोबाइल वाजला. काकांचा फॉरवर्ड, आबांकडून : ‘घोडो गावलो!’

फोटो उघडला. बादली, पाणी, पट्टी, सगळं बरोबर, फक्त पट्टी उलटी. आणि पट्टीशेजारी हिरवट, लांबलचक, अगदी सरळ काडीसारखा एक प्राणी. नळीसारखं तोंड, अंगावर कडी. पण मान वाकलेली नाही, मुकुट नाही, शेपटीच्या टोकाला चक्क एक छोटा पंखा.

‘हा तर नळीमासा,’ मी म्हणालो. ‘घोड्याचा चुलत भाऊ. एकाच कुळातला, याच्यातही बापच पोरं वागवतो.’

लेकीने मोबाइल माझ्या हातातून घेतला, चित्र मोठं केलं आणि भज्यांच्या कागदावर पेनाने पहिली उभी रेघ ओढली.

‘कुठून सुरू करू?’ तिने विचारलं. ‘धडापासून की शेपटीपासून?’